तीस वर्षांहून जुने देह

मोरेश्वर दातारांना अमर व्हायचं होतं, पण एकट्याने नाही. एकट्याने काही करणं त्यांना ठाऊकच नव्हतं. मुलुंडच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद त्यांनी इतकी वर्षं सांभाळलं होतं, की घरात मिक्सर घ्यायचा तरी ते आधी विषय मांडत, मग त्यावर चर्चा घडवून आणत आणि शेवटी 'सर्वानुमते' म्हणून स्वतःला हवा तोच मिक्सर आणत. या सर्वांत वीणा, म्हणजे त्यांची बायको, एकटीच असे. कंपनीने त्यांची बदली तोक्योला केली आणि ओजिमाच्या वसाहतीत नवव्या मजल्यावर घर मिळालं, तेव्हा वीणाला वाटलं, आता तरी या माणसाला सभेशिवाय जगावं लागेल. बिचारीचा तो भ्रम फार दिवस टिकला नाही.

खरं तर त्या दिवसांत तिला काळजी वेगळीच होती. ओजिमा स्टेशनचा जिना चढताना मोरेश्वर मध्येच थांबायला लागले होते. थांबायचे आणि भिंतीवरच्या जाहिराती वाचत उभे राहायचे. जाहिराती जपानीत, आणि मोरेश्वरांचं जपानी 'सुमिमासेन' आणि 'बिरु' या दोन शब्दांत संपत असे. पहिला माफी मागायला आणि दुसरा बिअर मागायला. न कळणाऱ्या भाषेतली, केस गळण्यावरच्या औषधाची जाहिरात माणूस वाचून वाचून किती वाचेल? शिवाय हात छातीकडे जायचा, आणि वीणाचं लक्ष आहे असं दिसलं की तोच हात खिशातलं पेन सरळ करायचा.

ऑफिसच्या तपासणीत डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हृदयाची पुढची तपासणी करून घ्या. मोरेश्वरांनी 'बघू' म्हटलं होतं. त्यांचे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी, हातात चहाचा कप असताना गेले होते. थोरले भाऊही त्याच वयात. मोरेश्वर आता सत्तावन्न वर्षांचे होते, आणि या हिशेबाबद्दल घरात कोणी अवाक्षर काढत नसे.

"तपासलं की काहीतरी निघतंच," ते म्हणत.

"आणि नाही तपासलं तर?"

"आजवर काही निघालंय का?"

"आजवर तपासलंच नाही ना, अहो."

यावर ते दुसऱ्या खोलीत जात. त्या घरात दुसरी खोली एकच होती, तेव्हा भांडण तिथेच संपे.

अशात रणजित भेटला. हा तोक्योजवळच्या ग्योतोकुला राहणारा, यंत्रमानवांचं सॉफ्टवेअर लिहिणारा तिशीतला पोरगा. सकाळी बर्फाच्या पाण्याने अंघोळ करायचा, नाश्त्याच्या जागी मूठभर गोळ्या गिळायचा आणि बायकोने, कस्तुरीने, श्रीखंड केलं की मात्र सगळं शास्त्र बाजूला ठेवून दोन वाट्या चाटूनपुसून खायचा. ओजिमाच्या हॉलमध्ये मराठी मंडळींचं एका रविवारी जेवण होतं. मसालेभात संपत आला तसा रणजित उभा राहिला आणि त्याने मरणाचा विषय काढला.

त्याचं म्हणणं असं, की अजून तीस-चाळीस वर्षांत टेक्नॉलॉजी मरणाला मागे टाकणार. तोपर्यंत जो टिकेल तो टिकेल. जो टिकणार नाही त्याचं शरीर गोठवून ठेवायचं, मेंदूची कॉपी कम्प्युटरवर चढवायची आणि पुढे नवं शरीर तयार झालं की त्यात उतरवायची. मात्र हे एकट्यादुकट्याचं काम नाही, ग्रुप पाहिजे. ऐकून लोक मठ्ठ्याकडे वळले. एकटे मोरेश्वर ताटावरून उठून हात न धुता पुढे झाले.

"म्हणजे जुनी जागा रिकामी करून द्यायची," ते बोटांवर मोजत म्हणाले, "मधल्या काळात तात्पुरत्या जागेत राहायचं, आणि मग नव्या जागेचा ताबा मिळणार. असंच ना?"

"अगदी तसंच, काका."

"अरे, मग हे रिडेव्हलपमेंट आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद वीणाने मुलुंडच्या नव्या इमारतीच्या किल्ल्या मिळाल्या त्या दिवशीही पाहिला नव्हता. मरणाला भिऊन असलेल्या माणसाला एकाएकी कळलं होतं, की मरण हा आपल्याच खात्यातला विषय आहे. आयुष्यभर ज्याने बिल्डरांना धारेवर धरलं, त्याला यमाचं काय कौतुक?

पंधरा दिवसांत 'चिरंजीव सहकारी पुनर्विकास संस्था (नियोजित)' उभी राहिली. नाव लग्नपत्रिकेसारखं वाटतं असं कस्तुरी म्हणाली, पण तिला मत नव्हतं. मोरेश्वर अध्यक्ष, रणजित सेक्रेटरी. बँकेच्या नोकरीवर आलेले विनायक करंदीकर, म्हणजे गोड खाऊन साखरेची गोळी घेणारे गृहस्थ, हे एक सभासद. आणि स्नेहलताताई दुसऱ्या. त्या मुलाकडे ओसाकाला आल्या होत्या, तिथून कंटाळून भाचीकडे ग्योतोकुला आल्या आणि करमतं म्हणून तिथेच राहिल्या. अमर होण्यात त्यांना रस नव्हता. सभेनंतर चहा असतो हे त्यांना भाचीने सांगितलं होतं.

बायका 'सहयोगी सभासद' झाल्या. कस्तुरी रणजितची आणि वीणा मोरेश्वरांची. हा मुलुंडचा नियम: मूळ सभासद हजर असेपर्यंत सहयोगीने बोलायचं नाही, तो नसला तर मात्र त्याचं मत तिचं. वीणाला कोणी विचारलं नव्हतं. ओजिमातल्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या दुकानात, दुपारची पाळी करून ती घरी आली, तेव्हा तिला अमर करून झालेलं होतं.

संस्थेला उपविधी लागतात. मोरेश्वरांनी ते एकाच संध्याकाळी तयार केले, कारण मुलुंडचे उपविधी त्यांच्या लॅपटॉपवर होतेच. 'इमारत' हा शब्द जिथे जिथे होता तिथे तिथे त्यांनी कम्प्युटरला सांगून 'देह' घातला आणि चहा प्यायला गेले. पहिल्या सभेत रणजितने ते गंभीर आवाजात वाचले. देहाच्या गच्चीवर वाळवणं घालू नयेत. देहाच्या दर्शनी भागात अध्यक्षांच्या लेखी परवानगीशिवाय बदल करू नये. देहाच्या मोकळ्या जागेत मुलांनी क्रिकेट खेळू नये. कस्तुरीने पदर तोंडात कोंबण्यासाठी शोधला, पण ती जीन्समध्ये होती, म्हणून ती उठून स्वयंपाकघरात गेली. बाकी कोणी हसलं नाही. सोसायटीत वाढलेल्या माणसाला उपविधी ऐकताना हसू येत नाही, त्याचे डोळे आपोआप मिटतात.

मग सभा सुरू झाल्या. दर रविवारी, एकदा ओजिमाला आणि एकदा ग्योतोकुला. गोठलेला सभासद हजर धरायचा की गैरहजर, यावर तीन रविवार गेले. हजर धरला तर कोरम कायमचा भरलेला, आणि मग जिवंत माणसांनी यायचं कशाला, असं विनायकरावांचं म्हणणं. गैरहजर धरला तर सलग तीन सभा चुकल्या म्हणून त्याचं सभासदत्व रद्द होतं आणि त्याला वितळवावं लागतं, असं रणजितचं. शेवटी 'रजेवर' असं ठरलं. पुढच्या रविवारी विनायकरावांना अचानक सुचलं, की आपण सगळेच अमर झालो तर अध्यक्ष बदलणार कधी?

"दर पाच वर्षांनी निवडणूक," मोरेश्वर म्हणाले. "आणि मी बिनविरोध येत राहीन, तेवढी माझी तयारी आहे."

सगळे आपापल्या चहाकडे बघत बसले. अनंतकाळ म्हणजे नेमकं काय, ते त्या खोलीत प्रथमच सगळ्यांना उमगलं असावं.

स्नेहलताताई मात्र संमतिपत्रावर सही करीनात. प्रत्येक रिडेव्हलपमेंटमध्ये असा एक सभासद असतोच, आणि मोरेश्वरांना त्याची सवय होती. नव्या देहात वाढीव काय मिळणार, हे आधी सांगा, असा बाईंचा हट्ट. चांगले गुडघे मिळतील, असं रणजित म्हणाला. "गुडघे मला आहेत," त्या म्हणाल्या. "दुखतात, पण माझेच आहेत. दुसरं काय?" रणजितने संमतिपत्र परत फाइलमध्ये ठेवलं.

वीणा हे सगळं कोपऱ्यात बसून ऐकायची. पहिले काही दिवस तिला गंमत वाटली. नवरा उत्साहात होता, रविवारी इस्त्रीचा सदरा घालून निघायचा. पण जाताना स्टेशनच्या जिन्यात थांबायचाच, आणि आता तर जास्त वेळ. चाळीस वर्षांनी मिळणाऱ्या देहाच्या गोष्टी करणारा माणूस अंगावरचा देह डॉक्टरला दाखवायला तयार नव्हता. याचा तिला संताप येई, आणि संतापाच्या खाली भीती होती. कोंबिनीत पैसे घेताना तिचा हात मध्येच थांबायचा, कारण तिला वाटायचं, आत्ता या क्षणी तो कुठल्यातरी जिन्यावर असेल.

एक दिवस भाजी चिरताना तिला आठवलं. मुलुंडच्या उपविधींत स्ट्रक्चरल ऑडिटचा नियम होता. त्यावरून सोसायटीत काय रणं माजली होती ती तिने चहा करत करत ऐकली होती. तिने हात पुसले आणि लॅपटॉप उघडला. नियम होता तिथेच होता. 'तीस वर्षांहून जुन्या प्रत्येक देहाचे मान्यताप्राप्त तज्ज्ञाकडून स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणे बंधनकारक राहील. त्याशिवाय पुनर्विकासाचा प्रस्ताव विचारात घेऊ नये.'

"अहो," ती रात्रीच्या जेवणाला म्हणाली, "हा नियम तुम्हीच घातलाय. मग करा की ऑडिट. अध्यक्षांपासून सुरुवात."

मोरेश्वर घास हातात धरून थांबले. नियम नाकारणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी वाट काढली.

"नियम आहे, पण अंमलबजावणीला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो."

"मग मी मांडते ठराव."

"मूळ सभासद हजर असताना सहयोगीला मांडता येत नाही."

"तुम्ही कधी गैरहजर असता?"

"नाही," मोरेश्वर म्हणाले, आणि आमटी वाढून घेतली. ही गोष्ट खरीच होती. ताप असो, लग्नाचा वाढदिवस असो, सासऱ्यांचं तेरावं असो, या माणसाने आयुष्यात एक सभा चुकवली नव्हती.

'नियोजित' हा शब्द गळून पडून संस्था पक्की व्हायची होती, ती सभा ग्योतोकुला रणजितकडे ठरली. रणजित चौथ्या मजल्यावर राहायचा आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. मोरेश्वर वीणाला घेऊन चांगले तासभर आधी गेले. अध्यक्षाने आधी पोचावं, हे कारण. खरं कारण वीणाला प्रत्येक मजल्यावर कळत गेलं. पहिल्या मजल्यावर त्यांनी कठड्याच्या रंगकामाचं कौतुक केलं, दुसऱ्यावर पाण्याच्या पाइपांचं, तिसऱ्यावर बोलण्याइतका श्वास नव्हता म्हणून नुसतीच मान डोलवली. कपाळावर घाम होता आणि बाहेर चांगली थंडी होती.

"परत जाऊ या का?" वीणा म्हणाली.

त्यांनी पेन सरळ केलं आणि पुढे निघाले.

शुभकार्य म्हणून विनायकरावांनी ओजिमाच्या दुकानातून नारळ आणला होता. घरात फोडला तर खालच्या लोकांना आवाज जाईल, म्हणून तो त्यांनी इमारतीच्या दाराशी पायरीवर फोडला, खोबरं वर आणलं आणि करवंट्या-शेंड्या तिथल्याच, कचऱ्यावर कावळे येऊ नयेत म्हणून अंथरलेल्या जाळीखाली टाकून दिल्या. रविवार होता. जपानमध्ये ठरलेला वार सोडून रविवारी कचरा टाकणं काय असतं, हे वीणा कोंबिनीच्या अनुभवावरून सांगू शकली असती, पण सभेत तिला बोलायचा हक्क नव्हता.

सभा सुरू होऊन मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून होतंय तोच खालची बेल वाजली. छोट्या पडद्यावर ओकुबो-सान दिसल्या. तळमजल्यावर राहणाऱ्या, नव्वदीला टेकलेल्या, हातात करवंटी आणि चेहऱ्यावर अतिशय नम्र हसू. त्या हसण्याला ग्योतोकुचे सगळे भाडेकरू टरकून असत. कचऱ्याची देखरेख त्यांच्याकडे होती. करवंटी जळणाऱ्या कचऱ्यात जाते की न जळणाऱ्या, याबद्दल कृपया कोणीतरी खाली येऊन सांगेल का, असं त्या विचारत होत्या.

"मी जाते," वीणा उठली. "मला बोलता येतं."

"हा संस्थेचा विषय आहे," मोरेश्वर म्हणाले. "नारळ संस्थेचा होता. अध्यक्ष जातील."

"अहो, चार मजले आहेत."

"खाली तर जायचंय," ते म्हणाले, आणि सदरा नीट करून बाहेर पडले. वर यायचंही आहे, हे वीणाच्या ओठांवर आलं होतं, पण दार बंद झालं होतं.

ती दाराकडे बघत उभी राहिली. त्यांच्या मागे धावत जावं असं तिला वाटलं. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की जी गोष्ट उभ्या आयुष्यात झाली नव्हती ती झाली आहे. सभा चालू आहे आणि मोरेश्वर दातार सभेत नाहीत.

"सेक्रेटरी," ती वळून म्हणाली, "मूळ सभासद सभागृहात आहेत का?"

रणजितने दाराकडे, मग तिच्याकडे पाहिलं. "नाहीत, काकू."

"मग त्यांचं मत आता माझं. ठराव मांडते. ऑडिटचा नियम आहे, त्याची अंमलबजावणी करा. तीस वर्षांहून जुन्या सगळ्या देहांची हॉस्पिटलमध्ये तपासणी, अध्यक्षांपासून सुरुवात, याच आठवड्यात. नाही केली तर अध्यक्षपद रद्द."

विनायकराव तोंडातलं खोबरं चावायचे थांबले. सगळ्या देहांची म्हणजे त्यांच्याही. "याची काय घाई आहे, वहिनी?" ते म्हणाले. "आपलं धोरण पुढच्या चाळीस वर्षांचं आहे. तपासलं की काहीतरी निघतं, हा सगळ्यांचा अनुभव आहे."

"माझं अनुमोदन," स्नेहलताताई म्हणाल्या. आजवर एकाही कागदाला हात न लावलेल्या बाईंनी हात सरळ वर केला आणि तसाच ठेवला. "लिहून घे रे."

"माझा विरोध," विनायकराव म्हणाले.

आता उरला रणजित. कस्तुरीला मत नव्हतं, पण तिची नजर नवऱ्यावर होती. रणजित चुळबुळत होता. काकांच्या मागे त्यांचं पद काढायची भाषा त्याला बरी वाटेना. शिवाय हृदय हा प्रश्न त्याच्या मते पुढच्या दशकात सुटणारच होता. "काकू, काका येऊ देत ना," तो म्हणाला. "येतीलच दोन मिनिटांत."

"बरं," वीणा म्हणाली. "थांबू या."

मग कोणीच बोललं नाही, त्यामुळे जिना ऐकू यायला लागला. इमारत जुनी, दार पातळ. खाली मोरेश्वरांचं 'सुमिमासेन' ऐकू आलं, पुन्हा एकदा ऐकू आलं, आणि पावलं वर निघाली. थोडी पावलं झाली आणि थांबली. खोलीतले सगळे वाट बघत राहिले. परत थोडी पावलं, परत शांतता. ही शांतता पहिलीपेक्षा लांब होती. विनायकरावांनी ताटली हळूच खाली ठेवली. वीणाला ती प्रत्येक शांतता पाठ होती. आता हात कठड्यावर असेल, आता पेनावर. आपण माणसाला मुद्दाम जिन्यात टांगून ठेवलंय, असं तिला वाटलं आणि स्वतःचीच चीड आली. मग खोकला ऐकू आला, आणि त्यानंतर काहीच नाही. ना पाऊल, ना खोकला.

रणजितचा हात वर गेला. "संमत," तो म्हणाला, आणि चपला न घालता जिन्याकडे धावला. वीणा त्याच्या पुढे होती.

मोरेश्वर दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसले होते. चेहरा पांढराफटक, सदरा घामाने चिकटलेला. त्यांच्या मागोमाग जिना चढून आलेल्या ओकुबो-सान शेजारी उभ्या होत्या. एका हातात करवंट्यांची पिशवी, दुसरा हात त्यांच्या खांद्याखाली. त्या वीणाला अदबीने वाकून म्हणाल्या, की हे गृहस्थ मला खुणेने सांगतायत, आपण देखावा बघत बसलो आहोत. पण इथे समोर तर भिंत आहे.

वीणा त्यांच्याजवळ बसली. बऱ्याच वेळाने मोरेश्वरांचा श्वास जागेवर आला, तशी त्यांनी जमलेल्या सभासदांकडे एकेक करून पाहिलं. चेहरे वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

"काय झालं सभेत?"

"ठराव झाला," रणजित खाली मान घालून म्हणाला. "ऑडिटचा. तीन विरुद्ध एक. काकूंनी तुमचं मत वापरलं."

"मी विरोध मागे घेतो," विनायकराव वरच्या पायरीवरून म्हणाले. "माझाही देह धरा त्यात."

मोरेश्वरांनी वीणाकडे पाहिलं. नियमावर बोट ठेवायला काही सापडतं का, हे त्यांच्या डोळ्यांत क्षणभर फिरलं असावं. पण कोरम होता, सूचक होता, अनुमोदक होता.

"ठराव कायदेशीर आहे," ते म्हणाले. "उद्याच जाऊ."

"उद्या नाही," वीणा म्हणाली. "आत्ता." आणि ओकुबो-सान, ज्यांना मराठी ओ की ठो कळत नव्हतं, तोपर्यंत अॅम्ब्युलन्सला फोन लावूनही मोकळ्या झाल्या होत्या. करवंटी जळणाऱ्या कचऱ्यात जाते, पण सोमवारी, एवढं त्यांनी जाताजाता विनायकरावांना पिशवी परत देत सांगितलं.

हॉस्पिटलातला डॉक्टर तरुण होता आणि त्याला इंग्रजी बेताचंच येत होतं. तेव्हा मध्ये वीणा. तिचं जपानी कोंबिनीचं. 'गरम करून देऊ का' आणि 'पिशवी हवी का' यात ती कोणाला हार जाणारी नव्हती, पण रक्तवाहिन्यांचे शब्द तिने कधी ऐकले नव्हते. डॉक्टरने कागद ओढला आणि हृदय काढून दाखवलं. दोन ठिकाणी पेनाने काळं केलं. मग वाकून हळूहळू, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. अजून थोडे दिवस गेले असते तर, असं काहीतरी म्हणून तो थांबला, आणि ते मात्र तिला शब्दांवाचून कळलं. ती खाली कागदाकडे बघत राहिली. आता हे मराठीत सांगायचं होतं.

"काय म्हणतायत?" पलंगावरून मोरेश्वरांनी विचारलं. त्यांचा आवाज लहान झाला होता. "काय निघालं?"

"मेन लाइन दोन ठिकाणी चोक आहे," वीणा म्हणाली. "बाकी बांधकाम चांगलं आहे. कॉलम शाबूत आहेत."

"पाडायची नाही ना?"

"नाही. दुरुस्ती. उद्या सकाळी करतायत. आत एक जाळी बसवतील."

मोरेश्वरांनी डोळे मिटले. डॉक्टर घड्याळाकडे न बघता उभा होता, हे त्याचं मोठेपण.

"मी धरूनच चाललो होतो," ते डोळे न उघडता म्हणाले, "की पुढचं वर्ष माझं नाही. बाबांसारखंच. रात्री झोपताना रोज वाटायचं. तुला कसं सांगणार?" मग थोडं थांबून, "विचार त्यांना. दुरुस्तीनंतर किती वर्षं मिळतील?"

वीणाने विचारलं. डॉक्टर म्हणाला, असं सांगता येत नाही. पण गोळ्या नियमित घेतल्या, चाललं-फिरलं, मीठ कमी केलं, तर त्याच्याकडे असे पुष्कळ पेशंट आहेत, जे दहा वर्षं, वीस वर्षं झाली तरी येतायत आणि इथे फार ताटकळावं लागतं म्हणून तक्रार करतायत.

"दहा-वीस वर्षं म्हणाले," तिने सांगितलं.

"वीस?"

"दहा-वीस."

"पण वीस म्हणाले ना?"

"हो. म्हणाले."

मोरेश्वर छताकडे बघत पडले होते. अनंतकाळ हा विषय क्रमांक एक म्हणून दर रविवारी मांडणाऱ्या त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि कानावरून उशीवर उतरलं. त्यांनी ते पुसलं नाही.

"वीस म्हणजे पुष्कळ झाली गं," ते म्हणाले. "एवढी कोणाला मिळाली आमच्यात?"

वीणाने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. पेशंटला आणखी काही विचारायचं आहे का, असं डॉक्टरने तिला विचारलं, आणि ती म्हणाली, नाही, आता त्यांना काही विचारायचं नाही.